दुरून पाहायची म्हैस

शकुनबाईच्या घरी चूल एकच होती, पण वैशाखापासून घरं दोन झाली होती. ओसरीपासून आतलं घर तिचं, आणि अंगणापलीकडचा गुरांचा कोठा तिच्या नवऱ्याचा, ताराचंदचा. जिथं चांदरी म्हैस बांधली जायची त्याच खुंट्याशी तणीस, धानाचा सुका पेंढा, अंथरून तो झोपायचा. दोन्ही वेळा शकुनबाई भाताचं ताट वाढायची, अंगण ओलांडायची आणि ताट कोठ्याच्या उंबऱ्यावर आदळायची. सहा महिन्यांत नवरा-बायकोत झालेलं बोलणं म्हणाल तर ते आदळणं तेवढंच.

पिंपळबोडी हे गाव आसगावहून आत, धानाच्या बांध्यांमधून, भातखाचरांमधून, जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटाला. ताराचंद बावीस वर्षं त्या गावचा गायकी होता, गावभराची गुरं राखणारा. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर सगळी गुरं जमायची, तो ती रानात न्यायचा, आणि दिवस बुडायच्या आत ज्याचं जनावर त्याच्या दारात. स्वतःची म्हणून त्याची एकच म्हैस, चांदरी. कपाळावर पांढरा चांद, शिंगं मागं वळलेली, आणि स्वभाव असा मानी की शकुनबाईचा हात लागल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. शकुनबाईही धार काढताना मनानंच काहीबाही जुळवून म्हणायची,

चांदरी माही बाई, कपाळी चांद ल्याली,
चरवी भरू दे माय, लेक दारी आली.

लेक म्हणजे साधना, कोंढ्याला दिलेली. ती वर्षातून दोनदा यायची, पण गाणं रोज व्हायचं आणि चरवी रोज भरायची.

ती म्हैस वैशाखातल्या एका संध्याकाळी गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, गाळात रुतून मेली.

शकुनबाई धापा टाकत तळ्यावर पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. पाणी गढूळ, वर बुडबुडे, म्हैस कुठंच नाही. पाळीवर, तळ्याच्या बांधावर, ताराचंद पडलेला, अंगभर चिखल, डोळे अर्धे मिटलेले. ती त्याच्यावर वाकली आणि मोहाच्या दारूचा भपकारा तिच्या नाकात शिरला. तोंडाला वास, छातीला वास, तळपायालासुद्धा वास. सरपंच बाबुलाल कमरेवर हात ठेवून उभा होता. तो म्हणाला, "पिऊन झोपला असंल गा झाडाखाली. जनावर आपलं गेलं आत. आता कोणाले काय म्हणावं?"

बाबुलालनं विचारलं आणि शकुनबाईनं म्हणून टाकलं. साऱ्या गावासमोर नवऱ्याला बेवडा म्हणाली, म्हशीचा वैरी म्हणाली. त्याच्या खांद्यावर रोज असणारा लाल दुपट्टा, साधनाच्या लग्नात व्याह्यांनी दिलेला, तोही दिसेना, तेव्हा म्हणाली, "दुपट्टा भट्टीवर ठेवून पेले वाटते!" दोन बायकांनी धरलं म्हणून, नाहीतर तिनं चप्पलही उगारली होती.

त्या रात्री चढलेला ताप उतरल्यावर ताराचंद बोलला. बोडीत खोदायची मशीन होती, तिनं खोदलेल्या खड्ड्यात चांदरी गेली. पलीकडच्या पाळीवर कोणी माणूस बसला होता, त्याला हाका मारल्या, तो जागचा हलला नाही. लोकांनी ऐकलं आणि बाबुलालकडं पाहिलं. बाबुलाल म्हणाला, "मशीन? बोडीचं काम तं अजून मंजूरच नाही. मशीन का आभाळातून पडली?" मशीन रातोरात हलवलेली होती, आणि त्या अंधारात शकुनबाईनं नवऱ्यापलीकडं काही पाहिलंच नव्हतं. ज्यांनी मशीन डोळ्यांनी पाहिली होती त्यांच्या बांध्यांत तोवर बोडीचा काळा गाळ फुकटात पडला होता. ते खाली बघत बसले. गाळाखालचा मुरूम कोणत्या रस्त्याला गेला हे कोणी विचारलं नाही. मग पाऊस आला, बोडी काठोकाठ भरली, आणि खड्डा होता की नव्हता हे पाण्यालाच माहीत. राहिला तो पाळीवरचा माणूस. "दारूत दिसतात माणसं," बाबुलाल म्हणाला. ते वाक्य गावाला फार आवडलं. ताराचंद दिसला की पानठेल्यावरून कोणीतरी हमखास हाक द्यायचं, "काका, दिसला का माणूस?"

गावची गुरं डोमाकडं गेली, त्या संध्याकाळी ताराचंदला पाण्याबाहेर काढणाऱ्याकडं. ताराचंदनं आपली काठी कोठ्याच्या छपरात खोचून ठेवली, आणि एकदाच बायकोला विचारलं, "तुले तरी पटते का व?"

"माह्या नाकाले वास आला ना जी," ती म्हणाली. "नाक खोटं बोलते का?"

त्याच दिवशी त्यानं गोधडी उचलून कोठ्यात नेली.

*

दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी ओसऱ्या भरतात, जिलेबीच्या कढया लागतात, दिवसा दंडार, ढोलावरचं नाचगाणं, आणि मग रात्री नाटक. पिंपळबोडीच्या मंडईला साधना आली ती दुपारच्या एसटीनं, आणि पाय धुवायच्या आतच म्हणाली, "आई, पंचायतीत प्रविणचा सत्कार आहे म्हणते. चाल ना."

"कोण प्रविण?"

"बाबुलालभाऊचा पुतण्या नाही का, नागपूरले चित्रं शिकते तो. मुंबईच्या प्रदर्शनात त्याच्या चित्राले पयला नंबर भेटला. आपल्याच बोडीचं चित्र आहे म्हणून राहिले."

"बोडीचं नाव काढू नको माह्यासमोर."

"चित्रातल्या बोडीत का पाणी राहते?" साधना हसली. "घरात बसून ताटं आपटण्यापरीस चाल." आईच्या हाताला धरून तिनं ओढलंच. जाताना कोठ्याशी थांबली. "बाबा, येता का?" आत तो दोर वळत राहिला, आणि तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पंचायतीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर टेबलाशी बाबुलाल माइक धरून होता, शेजारी प्रविण नवीन कुर्त्यात अवघडून बसलेला. पोरगा चेहऱ्यानं भला, दाढी कोवळी, बोटांच्या नखांत अजून निळा रंग. आणि मध्ये खुर्चीवर ते चित्र, दाराएवढं रुंद, वर झेंडूचा हार. मुंबईहून आलेल्या चित्राचा मान कसा करावा हे कोणाला सुचलं नसेल, म्हणून देवाच्या फोटोला घालतात तसा हार घातला होता. शकुनबाईला वाटलं, मेलेल्या माणसाच्या फोटोलाही घालतात.

बायकांच्या गर्दीतून साधनानं तिला थेट चित्रापुढं नेलं. शकुनबाईनं पाहिलं. निळे फराटे, जांभळे फराटे, हळदीसारखे पिवळे गोळे, कुठं काळा, कुठं लाल, सगळं बोटानं थापल्यासारखं जाडजाड. तळं नाही, झाड नाही, काही नाही.

"कायचं व हे?" मागून एकजण कुजबुजली. "होळीची चादर टांगली का?"

"माह्या घरची भिंत याच्यापरीस बरी सारवलेली आहे," दुसरी म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून दोघी हसल्या.

प्रविणनं ते ऐकलं. तो उठून पुढं आला आणि रागावला नाही, उलट हौसेनं सांगू लागला, "जवळून नाही पाहायचं काकी. जवळून नुसते ठिपकेच दिसतात. मागं जा, दारापर्यंत जा. या पद्धतीत वस्तू रंगवत नाहीत, वस्तूवर पडलेला उजेड रंगवतात. तो क्षणाक्षणाला बदलतो ना, म्हणून भराभर रंग ठेवायचे."

"उजेडाचं बी चित्र काढतात का, बाप्पा!" ती हसणारी म्हणाली.

बायका हसत हसत मागं सरकल्या, आणि त्यांच्या रेट्यात शकुनबाईही मागं गेली. पाठ दाराच्या चौकटीला टेकली. तिनं मान वर केली.

आधी पाणी झालं. निळ्या-जांभळ्या फराट्यांचं पाणी, दिवस कलल्यावर बोडीचं होतं तसं, वर सोनं सांडलेलं. मग पलीकडची पाळ, पळसाची झाडं. आणि मग पाण्यातून, कोणी खालून उचलून धरावं तशी, चांदरी वर आली.

कपाळावरचा तो एकच पांढरा ठिपका. मागं वळलेली शिंगं. हीच ती. धार काढताना गाल ज्या कुशीला टेकायचा ती कूस पाण्याखाली होती, पाठही पाण्याखाली होती, वर होतं फक्त डोकं, आणि नाक आभाळाकडं.

"किती शांत वाटते ना आई," साधना म्हणाली. ती सासरी असताना म्हैस मेली, ती संध्याकाळ तिनं पाहिली नव्हती. "नाव पण छान दिलं. संध्याकाळची आंघोळ."

शकुनबाईला ते ऐकूच आलं नाही. तिची नजर चित्रावर, शेणात बोटं फिरवून बारीक खडे शोधावेत तशी, फिरत होती. आंघोळीला बसलेली म्हैस मान टाकते. सैल सोडते, कान पाडते, डोळे मिटते. नाक असं आभाळाला लावून ती कधी न्हात नाही; नाक असं वर करते ते पाणी नाकपुडीला लागलं म्हणजे. आणि म्हशीच्या डोक्याला लागून तो तपकिरी फराटा होता, तो झाडाचा बुंधा नव्हता. माणूस होता, काखेपर्यंत पाण्यात. त्याचे दोन्ही हात म्हशीच्या जबड्याखाली. आणि लाल रंग. लाल रंग माणसाच्या खांद्यावर नव्हता, डोक्यावरही नव्हता. तो म्हशीच्या शिंगांवर होता, एका शिंगापासून दुसऱ्या शिंगापर्यंत, ताणलेला.

न्हायला घातलेल्या म्हशीच्या शिंगांना कोणी दुपट्टा बांधत नाही. बांधतो तो फक्त तिचं डोकं पाण्यावर धरून ठेवायला.

समोर बाबुलाल सांगत होता, "आपल्या या बोडीचं, आपल्या गावच्या पाण्याचं नाव आमच्या घरच्या पोरानं मुंबईपर्यंत नेलं..."

"थांब!" शकुनबाई दारातून ओरडली.

माइकनं एक शीळ घातली. माणसं वळली. तिनं वाट मागितली नाही, ती होत गेली. ती सरळ प्रविणपुढं जाऊन उभी राहिली.

"कवा काढलं हे?"

"काकी, मी सुट्टीत आलो होतो, उन्हाळ्यात..."

"दिवस सांग."

प्रविणनं चित्राच्या कोपऱ्याकडं बोट केलं. सहीखाली बारीक आकडे होते. साधनानं वाकून वाचले आणि ती एकदम सरळ झाली. "चौदा मे, आई." गावातल्या साऱ्यांना चौदा मे ठाऊक होती, चांदरी गेली तो दिवस; त्याच दिवशी कुणाची तरी हळद होती, म्हणून तर लोक बोडीवर उशिरा पोचले होते.

"तू तेथीच बसला होता? पलीकडच्या पाळीवर?"

"हो, पळसाखाली. तीन तास, अंधारेपर्यंत. पहाटेच्या गाडीनं नागपूरला परत गेलो. उजेड इतका सुंदर..."

"हा माणूस कोण आहे?"

"कोणी गुराखी होते, लांबून ओळखू नाही आले. म्हशीला आंघोळ घालत होते." त्याचा आवाज बारीक झाला. "नाही का?"

"त्यानं तुले हाक नाही मारली?"

"माझ्या कानात गाणी होती, इअरफोन... त्यांनी हात वर केला होता. दोन-तीनदा केला. मला वाटलं मला पाहून..." प्रविण थांबला. मग जे बोलला ते सभागृहातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं, कारण तोवर कोणी खोकतही नव्हतं. "मीपण हात हलवला."

शकुनबाईला वाटलं, या पोराच्या थोबाडीत मारावी. तिचा हात उठलाही. पण त्या कोवळ्या दाढीवरून तो घसरून आपल्याच पदराशी आला. "उजेड दिसला तुले," ती म्हणाली. "तीन घंटे तू उजेड पाहत बसला, बावा. खाली जीव जाऊन राहिला होता तो नाही दिसला?"

प्रविणनं मागं वळून स्वतःच्याच चित्राकडं पाहिलं, जणू ते कोणी दुसऱ्यानं काढलं होतं.

बाबुलालनं माइक बाजूला ठेवला. "वयनी, बस खाली. मंडईचा दिवस आहे, पाहुणे आले आहेत. चित्र म्हणजे चित्र असते. कलाकाराच्या मनात येईन ते त्यानं काढलं. याचा का पंचनामा करते?"

"बरं," शकुनबाई म्हणाली. "मंग हे पिवळं कायचं, ते तूच सांग."

तिनं बोट ठेवलं तिथं, पाण्याच्या कडेला, एक मोठा पिवळा गोळा होता, सबंध चित्रातला सगळ्यात झगझगीत रंग.

"तणसीची गंजी असंल."

"वैशाखात? बोडीच्या पोटात तणीस?" कोणीतरी मागं फिसकन हसलं. शकुनबाई प्रविणकडं वळली. "तू सांग रे. तू काढलं ना?"

प्रविणनं काकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "जेसीबी होता," तो म्हणाला. "बंद उभा होता. ड्रायव्हर नव्हता. निळ्या पाण्याजवळ तो पिवळा छान दिसत होता, म्हणून मी... मोठेबाबा, तुम्हीच तर म्हणाला होता, चावी घरी ठेवली आहे, ड्रायव्हर हळदीला गेलाय."

आता गर्दीत कुजबुज सुरू झाली. शकुनबाईच्या डोळ्यांपुढं नुसतं एक गणित फिरत होतं. काखेपर्यंत पाण्यात उभा माणूस. वीस पावलांवर मशीन, जी एका घासात म्हैस उचलू शकत होती. चावी सरपंचाच्या घरी, खुंटीला. पाळीवर एक माणूस, ज्याला नुसतं उठून गावात पळायचं होतं.

"मशीन का आभाळातून पडली, म्हणाला होता ना तू बाबुलाल?" तिचा आवाज फाटला. "दारूत माणसं दिसतात म्हणाला होता ना? हा बघ माणूस! तुह्याच घरात जेवला, तुह्याच घरात निजला! आता घाल याले हार!"

"आवाज खाली कर."

"नाही करत! सहा महिने खालीच होता!"

"अन् दारू?" बाबुलाल आता लाल झाला होता. "दारूचा वास साऱ्यायले आला होता. तुह्याच नाकाले आला होता ना? ते का चित्रातून पुसलं जाते?"

हे मात्र तिच्या वर्मी बसलं. तेच तर एक तिच्याजवळ होतं, तिचं नाक. तिनं गर्दीत पाहिलं. नव्या गायक्याला, डोमाला, ती शोधत होती, आणि डोमा खांबामागं सरकत होता.

"डोमा! तूच बाहेर काढलं होतं ना त्यायले? पुढं ये गा. मले फक्त एक सांग. दुपट्टा कुठी होता?"

डोमा पुढं आला नाही, पण खांबामागूनच म्हणाला, "शिंगाले."

"जोरात."

"शिंगाले होता, वयनी. गाठ ओली होऊन घट्ट झाली होती. मी सोडवून पायलो, नाही सुटली. तवर म्हैस खाली गेली."

"अन् वास?"

डोमानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "त्यायले बाहेर काढलो तवा ते गार पडले होते व. दात वाजून राहिले होते, डोळे फिरले होते. माह्यापाशी शिशी होती, हळदीसाठी आणली होती. मी तोंडात ओतलो, छातीले चोळलो, पायाले चोळलो. मंग तवा ते श्वास घेतले. त्यायनं तं एक थेंब पेला नव्हता, वयनी. मीच पाजलो."

"मंग बोलला काहून नाही?"

"सांगणारच होतो. पण दुसऱ्या दिवशी सरपंच म्हणाले, गुरं तू सांभाळ." त्यानं खांबाला पाठ लावली. "माह्या घरी बी लेकरं आहेत..."

सभागृहात एक म्हातारा उठून उभा राहिला आणि खाली पाहतच म्हणाला, "माह्या बांधीत गाळ पडला तो वैशाखातलाच. खोटं काहून बोलू?" आणि तो पुन्हा बसला. दुसरं कोणी उठलं नाही. पण बाबुलालकडं आता कोणी पाहतही नव्हतं, आणि त्याला ते बोलण्याहून जास्त लागलेलं दिसलं. त्यानं माइक उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

शकुनबाईनं हार काढून टेबलावर टाकला आणि चित्र दोन्ही हातांनी उचललं. ते जड होतं; साधनानं दुसरी बाजू धरली.

"ए! बक्षिसाचं चित्र आहे ते!" बाबुलाल ओरडला. "खाली ठेव!"

"माही म्हैस आहे," शकुनबाई म्हणाली.

प्रविण दाराशी आडवा उभा होता. त्या दोघी आल्या तसा तो बाजूला झाला आणि चौकटीला लागू नये म्हणून त्यानं चित्राचा वरचा कोपरा तेवढा हातानं जपला.

मंडई ऐन भरात होती. जिलेबीवाल्याच्या कढईपुढं, बांगड्यांच्या दुकानापुढं, दंडारीच्या गोलापुढं शकुनबाई थांबत गेली. "मागं सरका," ती लोकांना दटावायची, "वीस पावलं मागं सरका, मंग पाहा. माह्या मालकानं पेली होती म्हणता? पाहा! पाणी काखेले लागलं आहे, तरी सोडली का त्यानं?" काही मागं सरकले, काही हसले, पाहुणे बिचारे काही न कळून पाहत राहिले. पानठेल्यावरच्या पोरांनी आधी एकमेकांना कोपरानं ढोसलं. मग त्यातला एक उठून खरोखरच वीस पावलं मोजत मागं गेला, आणि परत येऊन बसला तेव्हा त्याला कोणाशी डोळा भिडवता येईना.

तिच्या पायांत आता बळ आलं होतं. रागाला सहा महिन्यांनी खरं घर सापडलं होतं, आणि वाटेभर तिच्या मनात एकच होतं, आता हे मालकाला दाखवायचं. आता काठी छपरातून खाली येईल. आता गोधडी घरात येईल.

ताराचंद कोठ्यात दोर वळत बसला होता. जनावर नव्हतं तरी दोर वळायचा. दोघींनी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. दारातून कलतं ऊन येत होतं, ते नेमकं चित्रातल्या उन्हाला मिळालं.

"मागं सरकून पाहा जी," ती म्हणाली. सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य.

तो मागं सरकला नाही. त्यानं दोर खाली ठेवला आणि बसल्या जागेवरूनच, अगदी जवळून, पाहिलं. त्याला दूर जायची गरज नव्हती. बोट लांब करून त्यानं पांढऱ्या ठिपक्याला हात लावला, रंग किती जाड आहे हे पाहावं तसा.

"खड्डा एवढा इकडं नोहोता," तो म्हणाला. "डावीकडं होता."

"प्रविण बसला होता पाळीवर. त्यानंच काढलं. साऱ्या गावासमोर सांगतलं त्यानं. डोमा बी बोलला, दारू त्यानंच पाजली होती. बाबुलालचं तोंड पाहाले पाहिजे होतं तुमी. सारं समजलं, जी. दुपट्टा शिंगाले होता ना? मले दिसला. पाहिल्याबरोबर मले समजलं, तुमी सोडली नव्हती तिले."

"आज समजलं?"

"हो जी."

"चित्र पायली तवा समजलं."

शकुनबाई थबकली.

ताराचंद उठला. सहा महिने वाकून बसलेला माणूस उठला तेव्हा छपराला त्याचं डोकं लागलं. "मी सांगत होतो तवा नाही समजलं! माह्या तोंडानं सांगत होतो, याच दारात, तुह्यासमोर! बावीस वर्ष गावाची गुरं दारात बांधून दिली मी, तीस वर्ष तुह्यासंगं भाकर खाल्ली, अन् माह्या शब्दापरीस तुले नाक मोठं झालं! आता या पोट्ट्याचे चार ठिपके मोठे झाले! मी कोण व? सांग ना, मी कोण?"

साधना घाबरून पुढं झाली. "बाबा..."

"तू जा बाहेर!" शकुनबाई म्हणाली, लेकीला. मग खाली बसली, तणसीवर, खुंट्याशी, जिथं तो रोज निजायचा. "बोला," ती म्हणाली.

आणि ताराचंद बोलला. कोणी त्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं. पाणी किती होतं ते बोलला, पायाखालचा गाळ कसा ओढत होता ते बोलला. चांदरीचा श्वास तोंडावर यायचा, गरम, आणि ती त्याचा कान चाटायची. पहिला घंटाभर चाटत होती, मग जीभ बाहेरच राहिली. मशीनकडं पाहून त्यानं किती शिव्या दिल्या त्या सगळ्या त्यानं पुन्हा दिल्या. हात वर केला की म्हशीचं डोकं एका हातावर यायचं आणि बुडू लागायचं, तरी तीनदा केला हात वर. पाळीवरच्या माणसानं हात हलवला तेव्हा त्याला वाटलं, आता तो येणार. "अन् शुद्धीवर आलो तं तुहा आवाज पयला आला कानात. बेवडा म्हणून राहिली होती. पंचक्रोशी ऐकून राहिली होती, अन् माही बायको मले बेवडा म्हणून राहिली होती!"

बाहेर दंडारीचा ढोल वाजत होता. अंगणाच्या कुंपणापाशी दोन-चार माणसं येऊन उभी राहिली होती, त्यांना साधनानं हटकलं, तरी ती थोडीशीच मागं सरकली. ताराचंदनं आवाज खाली आणला नाही. ऐकणाऱ्यांनी ऐकावं म्हणून आणला नाही, की त्याला भानच नव्हतं, कोण जाणे.

शकुनबाईच्या जिभेवर उत्तरं येत होती. तिला कधी कोणाचा शेवटचा शब्द सहन झाला नव्हता. एकाला दोन शब्द देणारी म्हणून ती गावात प्रसिद्ध. वास आला होता ना जी. अंधार होता ना जी. म्हैस गेली होती ना जी, माहीही म्हैस होती. एकेक उत्तर ओठांपर्यंत आलं आणि एकेक तिनं गिळलं. तो थांबला, दम घेतला, तेव्हा तिनं पाण्याचा गडवा त्याच्यापुढं सरकवला, हलकेच, आवाज न करता.

तो पाणी प्यायला. त्यानं गडवा खाली ठेवला. आणि तो पुन्हा सुरू झाला.